दाखल खिडकीवरचा एक प्रश्न

अर्जदार : मी, अनुभवी अर्जलेखक. विषय : जिल्ह्याच्या वाणिज्य न्यायालयातील दाखल खिडकीवरचे कारकून, नाव अदबीने वगळले आहे. दिनांक : गेला सोमवार. साक्षीदार : माझे पक्षकार, मासळीचे व्यापारी शेठ.

सदर कारकून प्रत्येक दावा शेवटच्या पानापासून वाचतात. 'नाही' हा शब्द ते कधीच उच्चारत नाहीत. नापसंत कागद ते अलगद फिरवून आपल्यापुढे ठेवतात, जणू पान वाढावे.

शेठचा दावा बर्फ कारखानदाराविरुद्ध होता. पहाटेचा पहिला बर्फ शेठच्या होड्यांना देण्याचा करार त्याने मोडला होता. व्यापारी वादात आधी मध्यस्थीला बसावे लागते. तातडी असेल तरच सूट मिळते. दावा दाखल झाला, तर बंदरावरचे सगळे व्यापारी माझ्याकडे येणार होते. म्हणून 'अत्यंत तातडीचे' हे शब्द मी चार ठिकाणी ठळक योजले होते.

कारकुनांनी चष्मा कपाळावर सरकवला. "शेठ, आजचा बर्फ कुठनं घेतला?"

"त्याच्याकडनंच. दुसरा हाय कोण?"

"मग नाना," ते मला म्हणाले, "तातडी कोणाला हाय? तुम्हाला?"

कागद फिरला. शेठनी मध्यस्थीचा अर्ज तिथेच, माझ्याच पेनाने, स्वतः भरला.

तरी असा प्रश्न विचारण्याचा अधिकार कारकुनास आहे काय, आणि असल्यास यापुढे लेखणी उचलण्यापूर्वी तो मीच पक्षकारास विचारावा काय, याचे लेखी उत्तर मिळावे, ही नम्र विनंती.