बंदुकीचं कापलेलं वायसर

सुखदेव सकाळी गेला. कबूल न करताच गेला.

ग्रुपवर सगळे लिहून राह्यले, लय सरळ मानूस होता. मी पन लिहितो. फुलंबिलं टाकत नाही.

आनीबानीच्या आधीची गोष्ट. आमी दोघं पार्टनर. जत्रेत फुगे फोडाची बंदूक लावत होतो. छर्र्याची. दोघात एकच.

लोकाईले बोलवाचं काम त्याचं. बंदूक सांभाळाचं माह्यं.

आत चामड्याचं वायसर राह्यते. तेच हवा दाबते. ते सुकलं की बंदूक मेली. मी रोज मशीनच्या तेलाचे दोन थेंब देत होतो. दोनच.

सुखदेव म्हने, "अबे, बंदुकीले तेल लावून राह्यला का नवरीले?"

मी म्हनो, "तू फुगे फुगव."

मग मानोऱ्याच्या जत्रेत पयलाच बार फुस्स.
छर्रा टेबलाखाली पडला.
लोक हासले.

सुखदेव सगळ्याईसमोर वरडला, "यानं तेलच देलं नाही! याच्या भरवशावर धंदा करून राह्यलो मी!"

त्याच हप्त्यात तो कारंज्याले गेला. साळ्यानं कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरी पाहून ठेवली होती.

मी घरी बंदूक खोलली.
झिजलेलं वायसर कडेनं भुरभुर होते. हे सरळ कापलं होतं. ब्लेडनं.
तेलानं अजून ओलं होतं.

नोकरी लागली, जातो, एवढं म्हटलं असतं तर मीच तुले येष्टीत बसवून देलं असतं बे!

गावानं माह्यं नाव पाडलं, बिनतेल्या. सायकल रिपेरिंगचं दुकान टाकलं, तर कोनी सायकल आनेना. दोन वर्षात बंद.

मी कोनाले सांगतलं नाही. तो सोताहून सांगन म्हनून थांबलो.

मांगच्या उन्हाळ्यात घरी आला. भिंतीवरच्या बंदुकीकडे पाह्यत बसला.

"चालते काय रे अजून?"

"वायसर बदललं तवापासून एकदाबी बिघडली नाही."

त्यानं कप खाली ठेवला. म्हने, "चहात साखर जास्त झाली."
अन् उठून गेला.

आज त्याले खांदा देला. मांगून एक जुना दोस्त म्हने, "बिनतेल्या, नीट धर."

नीटच धरलं होतं, सुखदेव. तवाबी.

ते कापलेलं वायसर डब्बीत आहे माह्याजवळ. फेकत नाही.

जाय आता. शेवटचा जयभीम घे.