पैठणमार्गे पाचोड, आण्णांच्या अंदाजावर

आमच्या उस्मानपुऱ्यातून पाचोडला जायचं तर सरळ बीड हायवे धरावा, फार वेळ लागत नाही. पण आण्णा, म्हणजे माझे वडील, तसे कधीच जात नाहीत. ते बिडकीनवरून पैठणला जातात, नाथांच्या समाधीला हात जोडतात आणि मग आडव्या रस्त्यानं पाचोड गाठतात. तिथं त्यांची मोठी बहीण राहते, त्यांची अक्का, माझी आत्या. गुडघ्यांमुळे तिचं बाहेर पडणं बंद झालंय, म्हणून दर महिन्याला आण्णाच तिला भेटून येतात. जुन्या मोटारसायकलवर, एकटेच. या हिवाळ्यात एका रविवारी मी म्हटलं, मीही येते. मी शाळेत शिकवते, सुट्टीत कुठं फिरून आले की इथं लिहिते. आण्णांचा चेहरा काही खुलला नाही. मला जरा रागच आला.

गाडीबद्दल आधी सांगायला हवं. तिला पेट्रोलचा काटा नाही, आणि किलोमीटरची केबल तुटली ती आण्णांनी बदललीच नाही. काटे लागतात ते तुझ्यासारख्या स्कूटीवाल्यांना, असं ते माझ्या तोंडावर सांगतात. त्यांची रीत अशी: टंकीचं झाकण उघडायचं, गाडी दोन्ही पायांत धरून डावी-उजवी हलवायची आणि आतल्या पेट्रोलचा आवाज ऐकायचा. टंकी भरलेली असली की जवळजवळ गप्प असते. अर्धी असली की डुबुक डुबुक करते. तळाला गेलं की नुसती चुळचुळ ऐकू येते. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत लोक मुद्दाम त्यांना गाडी दाखवायचे. आण्णा सांगायचे, बिडकीनपर्यंत जाशील, पुढं नको. आणि ते खरं निघायचं.

त्या सकाळीही त्यांनी झाकण उघडलं, गाडी हलवली, मान तिरपी केली.

"लई हाय," म्हणाले. "पाचोडला जाऊन परत बी येऊ."

मी मागं बसले.

पैठण रस्त्याला लवकर लागा, हे माझं सांगणं आहे. एकदा कंपन्यांच्या बसगाड्या आणि डंपर सुरू झाले की बिडकीनपर्यंत धूळच खात जावं लागतं. बिडकीनला आम्ही पोहे खाल्ले, चहा घेतला. पंप या रस्त्यावर हवे तेवढे आहेत, म्हणून मी मागून दोनदा म्हटलं की आण्णा, पेट्रोल टाकून घ्या. ते काही बोलले नाहीत. वाऱ्यात मागच्याचं बोलणं पुढच्याला ऐकू येत नाहीच, त्यामुळे मीही नाद सोडला.

पैठणला समाधीपाशी गर्दी नव्हती. आण्णा बराच वेळ डोळे मिटून बसले. घाटावर थोडं टेकलो, गोदावरीवरचं धुकं उठत होतं. तुम्ही गेलात तर धरणाकडं चक्कर मारा, हिवाळ्यात पाण्यावर पक्षी पुष्कळ असतात. मिरचीची भजी खाऊन आम्ही निघालो. पैठण सोडायच्या आधी पंप होता. तोही गेला.

पुढचा रस्ता छान आहे. मोसंबीच्या बागा, मध्येच उसाचे फड, माणसं कमी. अशाच एका मोकळ्या जागी गाडीनं दोन आचके दिले आणि बंद पडली. मला वाटलं, आता रिझर्व्हची कळ फिरवतील. पण कळ आधीच रिझर्व्हवर होती. म्हणजे राखून ठेवलेलंही संपलं होतं.

हे आण्णांच्या हातून व्हावं याचं मला इतकं नवल वाटलं की मी रागवायलाच विसरले. ते खाली उतरून गाडी ढकलायला लागले. मी मागं मागं चालत होते.

मागून एसटी आली. ड्रायव्हरनं लांबूनच हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. मी कडेला उतरले. आण्णा मात्र डांबरावरून तसेच चालत राहिले, शांतपणे, जणू रस्ता रिकामाच आहे. मी ओरडले. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मी धावले आणि हँडलसकट त्यांना खाली ओढलं. एसटी आम्हाला चाटून गेली. खिडकीतून कंडक्टर काहीतरी बोलला, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं.

दोघंही गवतात बसलो. मी त्यांच्या समोर तोंड नेऊन विचारलं, "आण्णा, कधीपासून ऐकू येत नाही?"

ते माझ्या ओठांकडं बघत होते. तेव्हा लक्षात आलं की हल्ली ते सगळ्यांच्या ओठांकडंच बघतात.

दिवाळीच्या आधीपासून, असं त्यांनी सांगितलं. डाव्या कानाचं तर कामच संपलं होतं. टंकीचा आवाज कळेना, म्हणून रोज चौकातल्या पंपावर जाऊन थोडं थोडं टाकून यायचे आणि भीतीनं कळ कायम रिझर्व्हवर ठेवायचे. काल पंपावर गर्दी दिसली, तसेच परत आले.

"सकाळी तू समोर हुबी," ते म्हणाले. "गाडी हलवली तर काहीच आवाज नाय. म्हणलं, भरलेली बी गप्पच असती."

"मग डोळ्यांनी बघायचं ना आत!"

"वाकून बघितलं असतं तर तुला कळलं असतं."

मी उठून गाडी स्टँडवर लावली.

तेच पुढं म्हणाले, "आता चावी घेशील माझी. घे. पण मग अक्काकडं कोण जाईल?"

मला रडू आलं. माझ्या स्कूटीवर ते बसत नाहीत, एसटीच्या गर्दीत त्यांना एकटं सोडायची आता हिंमत नव्हती, आणि आत्याकडं दर महिन्याला जाणारं दुसरं माणूस आमच्यात नाही. मीसुद्धा किती दिवसांनी निघाले होते.

पाचोडच्या बाजाराला निघालेले एक बांगडीवाले चाचा आमच्यासाठी थांबले. "बेटी, टंकी तो सूखी पडी है," म्हणाले. आपल्याच गाडीची नळी काढून त्यांनी माझ्या पाण्याच्या बाटलीत पेट्रोल भरून दिलं आणि पैसे काही घेतले नाहीत. गाडी मी चालवली. गिअरची गाडी कितीतरी वर्षांनी हातात आली होती, दोनदा बंद पडली. पाचोडला पंपावर टंकी भरली आणि कळ चालूवर फिरवली. ज्यांच्या गाडीला अशी कळ आहे त्यांनी हे विसरू नका, आणि उजेडात टंकीत डोकवायला लाजू नका.

बाजारातून गुडीशेव घेतली, आत्याला ती गुळाची शेव फार आवडते. जेवायला येसर मसाल्याची आमटी आणि भाकरी होती. आत्याचा मुलगा-सून बाजारात होते. जेवण झालं तशी आत्या आण्णांजवळ सरकली आणि हलक्या आवाजात सांगत राहिली. कितीतरी वेळ. आण्णा मान हलवत होते. तिचा एकही शब्द त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता, हे आता मला दिसत होतं.

मी भांडी आत नेली तशी आत्या भिंत धरत धरत मागं आली.

"त्याला ऐकू येत नाय, मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "म्हणून तर समदं सांगते, माय. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर घरात भांडण व्हईल. मला कळलंय हे त्याला नको सांगूस."

ती काय सांगते ते मी विचारलं नाही.

परत येताना हायवे धरला. रस्ता उत्तम आहे, आडूळला चहा मिळतो. दिवस मावळायच्या आत उस्मानपुऱ्यात पोचलो. आण्णांनी चावी माझ्याकडं मागितली नाही. पुढच्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरकडं जायचं ठरवलंय. मशीन लावायची वेळ आली तर आत्यानं मग कुणाजवळ बोलायचं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

रात्री जेवताना आण्णांनी विचारलं, "अक्का तुला आत काय सांगत होती?"

मी त्यांच्या समोर बसून सावकाश म्हटलं, "परत ये म्हणाली."

त्यांनी घास खाली ठेवला.

"ती दुखात हाय," ते म्हणाले. "निघताना माझा हात सोडत नाय. त्याला कान कशाला लागतेत? तू फक्त मला घेऊन जात जा."