चोथ्याची पहिली धार

पेडण्यात काजूचा हंगाम लागला की आमच्या भट्टीशेजारच्या खड्ड्यात चोथ्याचा ढीग साचतो. काजूची फळं, बोंडू तुडवून, पिळून रस हुर्राकाच्या दारूला गेला की उरतं ते हे. लहानपणी त्याच्या आंबूस वासाने माझं डोकं उठायचं. पुढे पणजीला प्रयोगशाळेत संशोधनाला लागले आणि विषय कोणता मिळावा? चोथाच!

त्याच खड्ड्यातल्या मातीतून मी सूक्ष्मजंतू उचलले. चोथ्याच्या धाग्यांत एक आम्ल घट्ट अडकलेलं असतं. एका जंतूचं विकर ते सोडवतं आणि दुसऱ्याचं विकर त्याचं व्हॅनिलिन करतं. व्हॅनिलाचा वास म्हणतात तो याचाच. कागदावर हे मला तोंडपाठ होतं. पण काचेच्या भांड्यातून पहिल्यांदा तो गोड वास आला तेव्हा मी खुर्चीतून उठलेच नाही. ज्या घाणीवरून आम्ही जन्मभर नाक मुरडलं, तिच्यात हे होतं! डोळ्यांना न दिसणारे जीव, आणि त्यांची ही कारागिरी. इतका आनंद झाला की भीतीच वाटली.

सोमवारी शुद्धता तपासायच्या यंत्रावर माझा नंबर होता. त्या निकालावर पुढच्या कामाची परवानगी अडली होती. यंत्र दुसऱ्या संस्थेत, घरून थेट तिकडेच जायचं, म्हणून त्या व्हॅनिलिनची बोटाएवढी बाटली घेऊन मी शनिवारी घरी आले.

बाबा भट्टी लावतात. भट्टीतून पडणारी दारूची धार कधी थांबवायची ते पूर्वी नाकाने सांगत. मधे एक ताप आला आणि वास गेला तो गेलाच. आता आई हुंगून सांगते. बाबांनी माझी बाटली नाकाशी धरून लांब श्वास घेतला.

"कसो वास येता गो?"

"म्हापशाच्या बाजारातल्या आयस्क्रिमासारखो," मी म्हणाले.

त्यांनी बूच लावून बाटली भिंतीतल्या देवळीत ठेवली.

रविवारी सकाळी देवळीत बाटली रिकामी. मी घर डोक्यावर घेतलं. बाबा बागेतून शांतपणे हात पुसत आले. हंगामाची पहिली धार बागेच्या टोकाच्या राखणदाराला, म्हणजे बाग राखणाऱ्या देवाला, ही आमची रीत. त्यांनी अख्खी बाटली त्याच्या दगडावर ओतली होती.

"पयली धार त्याची," ते म्हणाले.

माझं टाळकं सटकलं. "ही काय फेणी होती? उद्या मी काय दाखवू? दगडाक कित्याक व्हॅनिला?"

"माका वास येना," बाबा म्हणाले. "त्याका तरी येवंदे."

मी बागेच्या टोकाला गेले. वरून मोप्याच्या विमानतळाकडे विमान उतरत होतं. जांभा दगड उन्हाने तापला होता आणि त्यातून तो वास येत होता. मागून खड्ड्याचा आंबूस वास, पुढून हा, आणि दोन्ही त्याच बोंडूचे. नकळत माझे हात जोडले गेले.

सोमवारी यंत्रावरचा नंबर गेला. फोनवर मार्गदर्शकांच्या शिव्या खाल्ल्या. पणजीची बस येईपर्यंत बाबा थांब्यावर ताज्या चोथ्याची पिशवी धरून उभे होते. बस आल्यावर त्यांनी ती माझ्या हातात दिली.

"दुसरी धार तुझी," ते म्हणाले.