अर्धं उघडं गेट

दिल्लीहून सकाळी सुटलेली गाडी अंबाल्याच्या पुढे गेली तेव्हा धुकं विरळ झालं आणि दोन्ही बाजूंना गव्हाची हिरवी शेतं दिसू लागली. उत्तमकाका खिडकीला नाक लावून बसले होते. सत्तरीला टेकलेले काका म्हणजे कोल्हापुरातल्या आमच्या पेठेच्या संघाचे जुने गोलकीपर. म्हातारपणीही ते गल्लीतल्या पोरांना फुटबॉल शिकवत राहिले. त्यांतलाच एक, संकेत, आता एका मोठ्या क्लबात गेला आहे. तो माझाही विद्यार्थी, कारण मी शाळेत खेळाची शिक्षिका आहे. वरिष्ठ संघाकडून त्याचा पहिला सामना चंदीगडला होता. तो बघायला आम्ही दोघं दोन रात्री गाडीत काढून आलो होतो.

स्टेशनवर माझी मावसबहीण वर्षा आली होती. ती सेक्टर ३९मधल्या संशोधन संस्थेत काम करते आणि मोहालीत राहते. दहा वर्षांत तिच्या मराठीत हिंदी बेमालूम मिसळलं आहे. "ताई, कॅब पाच मिनिटांत पक्का येते," असं म्हणत तिनं आमच्या पिशव्या उचलल्या. रुंद रस्ते, फुलांनी भरलेले गोल चौक, रस्त्यांवर ओळीनं झाडं आणि वस्त्यांना नुसते आकडे. काकांना हे काही पटेना. "पेठेला नावच न्हाई, तर पोरं ईर्ष्येनं खेळणार कुणासाठी?" असं त्यांनी विचारलं आणि वर्षा घरी पोचेपर्यंत हसत होती.

दुसऱ्या दिवशी सामना दुपारी तीनला होता, म्हणून सकाळी ती आम्हाला कॅपिटल कॉम्प्लेक्स दाखवायला घेऊन गेली. विधानसभा, सचिवालय आणि उच्च न्यायालयाच्या त्या अजस्र काँक्रीटच्या इमारती बघायला आधी नाव नोंदवावं लागतं. आमची ओळखपत्रं दोनदा तपासली. आम्ही बाराजण, सोबत एक मार्गदर्शक आणि दोन पहारेकरी. काका पायरीच्या कडेला गेले तर पहारेकऱ्यानं हाताला धरून त्यांना आत घेतलं. माणसांची इतकी काळजी घेणारं शहर मी प्रथमच बघत होते, आणि तसं मी वर्षाला बोलूनही दाखवलं. बाहेर आल्यावर कुल्चे-छोले खाल्ले. काकांनी पिन्नी (कणीक तुपात भाजून गूळ घालून वळलेला लाडू) दोनदा मागून घेतली.

वर्षाला संस्थेत काम होतं. आम्ही दोघं दोन वाजता मैदानावर पोचलो. तिकिटं मी घरूनच काढून छापून आणली होती. त्यांवर तीन नंबरचं गेट होतं. तिथल्या पोलिसानं माझ्या गळ्यातला मफलरसारखा पट्टा बघितला, संकेतच्या क्लबाच्या रंगांचा, आणि काठीनं मागच्या बाजूला दाखवलं. बाहेरच्यांनी पाच नंबरकडे जायचं. तिकिटावर तीन आहे म्हटलं, तर त्यानं मान वळवली.

पाच नंबरकडे जाणारी वाट दोन भिंतींमधली. एखादा टेम्पो जाईल एवढीच. शेवटी लोखंडी गेट, त्याचं एक दार उघडं आणि दुसऱ्याला साखळी. आमच्यासारखे पाहुणे साठ-सत्तर असतील, पुष्कळसे इथे शिकणारे आणि काही सुट्टीवरचे जवान. तेवढ्यानं काही बिघडलं नसतं. पण कुठलंसं दुसरं गेट बंद केलं आणि तिथली सगळी गर्दी आमच्या मागून त्याच वाटेत सोडली. सामना सुरू व्हायला वीस मिनिटं होती. प्रत्येकाला पुढे जायचं होतं.

मी गेटाच्या गजांजवळ होते. आतल्या हवालदाराला दुसरं दार उघडायला सांगितलं. चावी ठेकेदाराकडे आहे, असं तो म्हणाला. मग ठेकेदाराला बोलवा म्हटलं. तो फोन काढून चाळत राहिला. तेवढ्यात मागून ओरडा झाला. रांग लावायची म्हणून मागचे पोलीस काठ्या चालवत होते. काठी चुकवायला माणूस जाणार कुठे? पुढे. आणि पुढे आम्ही.

माझे पाय जमिनीवरून उचलले गेले. पंचवीस वर्षं मी मुलींना श्वास कसा घ्यायचा ते शिकवते आहे, पण त्या वेळी छाती फुगायला जागाच नव्हती. काका माझ्या डावीकडे गेटाच्या दांड्यावर दाबले गेले होते. त्यांचा उजवा हात दोन गजांच्या मध्ये अडकला होता आणि ओठ निळसर दिसत होते. त्यांनी आवाजही काढला नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

त्यांच्या मागे एक धिप्पाड सरदारजी होता. गळ्यात यजमान क्लबाचा पट्टा. त्यानं दोन्ही तळवे गेटावर टेकवले, कोपर ताठ केले आणि मागची सगळी गर्दी पाठीवर घेतली. काकांच्या छातीपुढे वीतभर जागा झाली.

"बाऊजी, ऊपर देखो," तो म्हणत होता. "आसमान देखो. साँस लो."

काका वर बघत राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. शेवटी आतल्या बाजूच्या प्रेक्षकांनीच बंद दार बिजागरीवरून उचकटलं आणि आम्ही सगळे एकमेकांवर कोसळलो. पोलीस तेव्हा धावत आले, दार कुणी तोडलं ते विचारायला.

काकांचं मनगट वाकडं झालं होतं. मैदानात एक रुग्णवाहिका होती, पण ती मुख्य दाराशी. ती पाहुण्यांसाठी आहे, हलवता येणार नाही, असं तिथल्या अधिकाऱ्यानं सांगितलं. मी म्हटलं, आम्हीही पाहुणेच आहोत. त्याला ते कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. त्या सरदारजीनं, गुरमीत त्याचं नाव, आपला पट्टा काकांच्या गळ्यात बांधून हात झोळीत घेतला आणि स्वतःच्या गाडीतून आम्हाला दवाखान्यात नेलं. गाडीच्या काचा बंद होत्या, तरी सामना सुरू झाल्याचा गलका ऐकू आला. काकांनी मैदानाकडे मान फिरवली. मनगटाचं हाड मोडलं होतं आणि दोन बरगड्यांना तडे गेले होते.

सकाळी वर्षानं बातमी वाचून दाखवली. बाहेरून आलेल्या, तिकीट नसलेल्या प्रेक्षकांनी गेट तोडण्याचा प्रयत्न केला आणि पोलिसांनी परिस्थिती संयमानं हाताळली, असं त्यात होतं. माझी तिकिटं, कुणी तपासलीच नाहीत अशी, टेबलावर पडली होती. मी ती उचलली आणि काकांना म्हटलं, तुम्ही आराम करा, मी चौकीत जाऊन येते. ते चपला घालून आधीच दारात उभे होते.

चौकीतले साहेब गोड बोलणारे निघाले. चहा मागवला, माझी तिकिटं हातात न घेताच बघितली. तुम्ही पाहुणे, असल्या गोष्टी होतात, विसरून जा, असा त्यांचा सूर. मी हटेना तेव्हा त्यांनी स्वतःच कागद लिहून काढला: धावपळीत वयस्कर गृहस्थ पाय घसरून पडले.

काकांनी तो मला वाचायला लावला.

"मी घसरलो न्हाई," ते म्हणाले. "मला दाबलं. काठ्या मागनं चालत हुत्या आणि दार पुढनं बंद हुतं. तसं लिवा."

तसं लिहायला साक्षीदार लागेल, असं साहेब म्हणाले. गुरमीत आम्हाला सोडायला आला होता आणि बाहेर बाकावर बसला होता. तो आत आला. साहेबांनी पंजाबीत त्याला हळू आवाजात समजावलं. तुला इथेच राहायचं आहे, दर सामन्याला इथेच यायचं आहे, एवढं मलाही कळलं. गुरमीतचं जवळच टायरचं दुकान आहे आणि घरी दोन मुली आहेत, हे त्यानं आदल्या दिवशी गाडीत सांगितलं होतं. मग त्यानं माझ्याकडून पेन घेतलं.

"जी, इसी लिए लिख रहा हूँ," तो म्हणाला आणि सही केली.

गुन्हा नोंदवला गेला नाही. अर्जाच्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मिळाला, तोही दोन तास बसल्यावर.

परतीच्या गाडीत संकेतचा फोन आला. दार मोडलं तेव्हा तो आत सराव करत होता. त्याला काहीच माहीत नव्हतं. काकांनी त्याला मनगटाचं सांगितलं नाही. तुझा डावा पाय चांगला चालला, असं मात्र सांगितलं, आणि फोन माझ्याकडे देऊन डोळे मिटून बसले. त्या सामन्यातलं एक मिनिटही त्यांनी बघितलं नव्हतं.

महिन्याभरानं चौकीचं उत्तर आलं. दोन ओळी: चौकशी केली, बंदोबस्तात त्रुटी आढळली नाही. त्याच आठवड्यात गुरमीतचा फोन आला. पुढच्या सामन्याला पाच नंबरची दोन्ही दारं सताड उघडी होती, असं तो म्हणाला. मला क्षणभर बरं वाटलं. मग त्यानं सांगितलं, त्या दिवशी कुणी मंत्री त्या बाजूनं येणार होते.

म्हणजे दार उघडता येतं. कुणासाठी उघडायचं, एवढाच प्रश्न आहे. मुलींना मी वर्षानुवर्षं सांगत आले की मैदानावर सगळे सारखे असतात. मैदानावर असतीलही. मैदानाच्या बाहेर, दोन भिंतींच्या मध्ये, ते सारखे नसतात. हे मला पन्नाशी उलटल्यावर, जमिनीवर पाय टेकत नसताना कळलं आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. तो जावा असं मला वाटतही नाही.

काकांचं प्लास्टर निघालं आहे, पण मूठ पुरती वळत नाही. काल संध्याकाळी ते माझ्याकडे आले, खुर्ची ओढून बसले आणि आता वरच्या साहेबांना लिहू या म्हणाले. मी लिहून झाल्यावर त्यांनी सही केली. वेडीवाकडी आली. दुसरा कागद काढू का, असं मी विचारलं.

"असू दे," ते म्हणाले. "त्यांनाबी दिसू दे."