भेगांच्या लॅबमधली माणसं

आमच्या लॅबमध्ये खरं काम कॉम्प्युटर करतो. एकदा गणित घातलं की तो तासन्‌तास दळत बसतो आणि आम्ही त्याच्याकडं बघत बसतो. बसलेली माणसं बोलणारच. शोध लागला तर लागला, किस्से मात्र रोज साठतात.

धाराशिवच्या एका कॉलेजात आम्ही शेलचा अभ्यास करतो. शेल म्हणजे पाटीसारखा थराथराचा दगड. त्याच्या पोटात गॅस असतो, पण दगड इतका घट्ट की भेगा पाडल्याशिवाय गॅस बाहेर येत नाही. भेगा कशा पसरतील, गॅस कसा वाहील, हे आम्ही कॉम्प्युटरवर मांडतो. आमच्या जिल्ह्यात हा दगड नाही, हे कुणी विचारल्याशिवाय आम्ही सांगत नाही.

लॅबमध्ये आमचे सर, मी आणि भूमची सुषमा. सुषमाची पीएच.डी. चालली होती, किंवा अडली होती म्हणा. विद्यापीठानं शेवटची मुदतवाढ दिलेली. तिचं मॉडेल गॅसच्या एका खऱ्या विहिरीच्या आकड्यांशी जुळलं तर डिग्री, नाहीतर इतक्या वर्षांच्या कष्टावर पाणी.

*

एकदा सुषमाचे वडील, अण्णा, लॅब बघायला आले. स्क्रीनवरच्या रंगीत भेगा त्यांनी बराच वेळ न्याहाळल्या.

"ह्यातली पाण्याची कुठली गं?"

"अण्णा, पाणी न्हाय. गॅस हाय."

"कुठं हाय?"

"अमेरिकेत."

अण्णांनी टोपी नीट केली. "मग तिथल्या पोरी काय करत्यात?"

*

आमचे लॅब अटेंडंट मामा मुरुमचे. गावाकडं त्यांच्या घराचं बांधकाम चालू होतं. सुषमा त्यांना समजावत होती की दगडात जोरानं पाणी सोडून भेगा पाडतात आणि त्या परत मिटू नयेत म्हणून पाण्याबरोबर वाळू भरतात.

मामांनी झाडू भिंतीला टेकवला. "चांगली वाळू?"

"लई चांगली. चाळलेली."

"हितं प्लास्टरला मिळंना, अन् तिकडं जमिनीत गाडत्यात," मामा म्हणाले. "तिथं तहसीलदार न्हाय का?"

*

मध्यंतरी येरमाळ्याचं एक स्थळ आलं होतं. मुलाचं घर बघायला घरच्यांबरोबर सुषमाही गेली. चहा झाला. मुलगी भेगांचा अभ्यास करते म्हटल्यावर मुलाचे काका कौतुकानं म्हणाले, "मग आमच्या माडीची भेग बघा की जरा."

सुषमा उठली, भिंतीवरून हात फिरवला, कोपऱ्यात जाऊन वर-खाली बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "ही वाढणार. पाया खचलाय."

त्या स्थळाकडून पुन्हा निरोप आला नाही. सुषमाला वाईट वाटलं ते भिंतीचं.

*

मुदत संपत आली आणि एका सकाळी मॉडेल झकास चाललं. गॅस येतोय, येतोय, कमी व्हायचं नावच नाही. मी पेढे सांगून आलो. सरांनी मात्र सगळं पुन्हा तपासलं. मॉडेलमधल्या दगडाच्या चारी बाजू बंद ठेवायच्या असतात. सुषमाची एक बाजू उघडी राहिली होती आणि तिकडून फुकटचा गॅस आत येत होता.

"सुषमा," सर म्हणाले, "शेजाऱ्याचा बांध कोरलास तू."

पेढे आम्ही तसेच खाल्ले. सुषमानं खाल्ला नाही. ती खिडकीशी उभी राहून रडली, मग तोंड धुऊन आली आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून बसली. त्या दिवशी तिचं मला फार वाईट वाटलं.

*

शेवटी मॉडेल जुळलं, प्रबंध गेला, तोंडी परीक्षा लागली. बाहेरचे परीक्षक आले. चेहरा असा की चहासुद्धा संशयानं घेत होते. सुषमाचं मांडून झाल्यावर त्यांनी स्वतःचा लॅपटॉप जोडला.

"तुमचं मॉडेल पुढची वर्षं सांगतं. त्याच विहिरीचे पुढच्या वर्षांचे आकडे माझ्याकडे आहेत. बघू."

पडद्यावर सुषमाची रेष हळूहळू उतरत होती. परीक्षकांच्या आकड्यांची रेष तिच्यावरूनच उतरत आली आणि मधेच सरळ शून्यावर आपटली. तिथं थोडी रेंगाळली, एकदम वर उसळली आणि पुन्हा सुषमाच्या रेषेला येऊन मिळाली.

"हा खड्डा तुमच्या मॉडेलमध्ये नाही," परीक्षक म्हणाले. "का नाही?"

सरांनी खाली बघितलं. मागच्या रांगेत अण्णा खुर्चीच्या कडेवर आले.

सुषमा पडद्याकडं बघत राहिली. "सर, मॉडेल बरोबर आहे," ती म्हणाली. "दगडातला गॅस असा एकदम थांबत नाही. तिथली लाईट गेली असणार."

परीक्षकांनी चष्मा काढला. "गेली होती. वादळात. गॅस ओढणारी मशीनं बंद पडली होती. मी हा खड्डा सगळ्यांना दाखवतो, आणि सगळे आपापलं मॉडेल दुरुस्त करायला निघतात. तुम्ही कशावरून ओळखलंत?"

"सर, मी भूमची आहे."