साडूभाऊंच्या हातची शिलाई

स्वतःच्या कपड्यांवर इतकं प्रेम करणारा आणि त्याच कपड्यांत इतका अवघडलेला दिसणारा माणूस आमच्या साडूभाऊंखेरीज अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. आणि हे मी सोलापूरबद्दल बोलतोय, जिथं एका गल्लीत कापड विणतात, दुसरीत शाळेचे गणवेश शिवतात आणि तिसरीत टॉवेलांच्या घड्या घालतात. अशा गावातही साडूभाऊंचा शर्ट लांबून ओळखू येतो. कॉलरची एक बाजू उभी तर दुसरी आडवी, खिसा छाती सोडून पोटाकडे निघालेला, आणि सगळी बटणं लावून झाली तरी खाली एक बटण उरलेलंच, ज्याला काजच नसतं. "ते जादाचं हाय. एखादं तुटलं तर असावं," असं साडूभाऊ सांगतात, आणि समोरच्यानं विचारलेलं नसताना सांगतात. मग बाही उलटी करून आतली टीप दाखवतात. बँकेच्या रांगेत दाखवतात, दवाखान्यात दाखवतात. एकदा एका तेराव्याच्या जेवणात त्यांनी माझ्या शेजारच्या गृहस्थांना पँटच्या आतला खिसा दाखवायला घेतला, तेव्हा मी पानावरून उठलो.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्या बहिणीला आम्ही सगळे अक्का म्हणतो. दोघी बहिणी अक्कलकोटच्या. साडूभाऊंची सगळी नोकरी रेल्वेत गेली, तीही बरीचशी होटगी जंक्शनवर. निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने ते गच्चीवर खुर्ची टाकून बसायचे आणि लांबून गाडीची शिट्टी आली की घड्याळ बघून, "आज लेट हाय," असं खाली स्वयंपाकघरात ओरडून सांगायचे. अक्काला त्या गाडीनं कुठंही जायचं नसायचं. नंतर एकदा नवी पेठेतल्या टेलरनं त्यांची पँट शिवायला घेतली आणि प्रत्येक वेळी "परवा या" सांगून त्यांना दोन महिने फिरवलं. वेळापत्रकावर आयुष्य काढलेल्या माणसाला हे सोसणं शक्य नव्हतं. ते टेलरकडून न शिवलेलं कापड काखेत मारून घरी आले, अक्काच्या माहेरहून आलेल्या शिलाई मशीनवरचा वाळलेल्या कपड्यांचा ढीग पलंगावर टाकला आणि म्हणाले, "आता आपलं आपुन शिवायचं."

गुरू म्हणून त्यांनी मोबाईल धरला. त्यातल्या बायका भराभर कापड कापून दाखवायच्या आणि शेवटी "आता तुम्हाला समजलंच असेल" असं म्हणायच्या. साडूभाऊ मोबाईलला उत्तर द्यायचे, "न्हाय समजलं, बाई. परत सांगा की." बाई अर्थातच पुढच्या कुर्त्याकडे वळलेल्या असायच्या. त्यांच्या पहिल्या शर्टाच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या निघाल्या. त्यांनी तो तसाच घातला. उजवा हात सतत पाठीमागे ओढल्यासारखा राहायचा, त्यामुळे गल्लीत ते कुणाला तरी काहीतरी लपवून देताहेत असं वाटायचं. त्यानंतर त्यांनी चादरीचं जाकीट शिवलं. ते बाकी उत्तम जमलं होतं, पण जमलं मे महिन्यात. आपली कला हिवाळ्यापर्यंत थांबवून ठेवणं त्यांना पटलं नाही, आणि सोलापूरच्या उन्हात चादर पांघरून भाजी आणायला जाणारा माणूस बघायला शेजारपाजारचे लोक दारात येऊन उभे राहायचे.

खरी खळबळ माजली ती आहेराच्या कापडांवरून. आपल्याकडे लग्नाकार्यात शर्टपीस-पँटपीस द्यायची रीत आहे. ते कापड शिवायचं नसतं, हे सगळ्यांना न सांगता कळतं. ते कपाटात ठेवायचं आणि पुढच्या कार्यात दुसऱ्याला द्यायचं. आमच्या नात्यात एक चॉकलेटी चौकड्यांचा शर्टपीस होता, तो इतक्या घरांतून फिरून आला होता की त्याची घडी उघडली असती तर घडीवरच फाटला असता. तो फिरत फिरत साडूभाऊंकडे आला आणि त्यांनी सरळ त्यावर कात्री चालवली. पुढच्या बारशाला ते तोच शर्ट घालून हजर. आमच्या मावससासऱ्यांनी तो ओळखला. "आरं, ह्यो तर आमच्या घरचा आहेर!" ते म्हणाले. त्यांच्या बायकोनं त्यांना कोपर मारलं, कारण तो त्यांच्याकडे तिसऱ्या घरातून आला होता आणि ते तिसरं घर समोरच पेढे खात बसलं होतं. साडूभाऊंना यातलं काहीच दिसलं नाही. त्यांनी बाही उलटी केली आणि "टीप बघा, टीप," म्हणून पुढे सरसावले.

स्वतःचे कपडे शिवून झाल्यावर त्यांची माया नातेवाइकांकडे वळली. मला त्यांनी एक पायजमा शिवून दिला. त्याच्या एका पायात मी आणि दुसऱ्या पायात एखादा पाहुणा सहज मावला असता. आम्ही सगळे तोंडभरून कौतुक करायचो आणि कपडे कपाटात ठेवून द्यायचो. साडूभाऊंना ते कळत नव्हतं असं नाही. पण त्यांचा जीव त्यात अडकलेला नव्हताच. त्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. आपण शिवलेलं पोलकं अक्कानं एकदा तरी अंगात घालावं, एवढंच त्यांना हवं होतं. आणि अक्कानं पहिल्याच दिवशी बजावून ठेवलं होतं, "साऱ्या गावाचं शिवा. माझ्या पोलक्याला हात लावायचा न्हाय."

त्यात अक्काची चूक काढता येणार नाही. पोलकं म्हणजे काही पायजमा नव्हे. अक्काची पोलकी शिवणारी एक बाई ठरलेली होती आणि कुठल्याही लग्नात अक्काचं पोलकं बघून बायका त्या बाईचा पत्ता विचारायच्या. नात्यातलं एकही कार्य अक्काशिवाय सुरू व्हायचं नाही. हळद फोडण्यापासून वरातीपर्यंत सगळीकडे तिचाच आवाज. साडूभाऊ अधूनमधून "एखादं साधं, घरात घालायला?" असं विचारून बघायचे. अक्का नुसती बघायची. मग ते मशीनला तेल घालायला लागायचे.

आणि मग अक्काचा उजवा खांदा आखडला. कुठं पडली नाही, लागलं नाही, पण एक दिवस हात वर जाईना आणि मागेही जाईना. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल, भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम करा. वेळ लागणार हे कळलं, पण तोवर पोलकं घालायचं कसं? बाहीत हात घालायचा म्हणजे तो मागे न्यावा लागतो. पोलकी शिवणाऱ्या बाईनं शिवण सैल करून दिली, पण प्रश्न सैलपणाचा नव्हताच. अक्का घरात गाऊन घालून बसायला लागली आणि कुणी आलं की खांद्यावरून टॉवेल ओढून घ्यायला लागली. अशात तिच्या भाच्याचं, म्हणजे भावाच्या मुलाचं लग्न ठरलं. मुलीकडचे केम गावचे, लग्न तिथंच. थोरली आत्या ही एकटीच. तरी अक्का म्हणाली, "मी न्हाय येत. तुमी सगळी जाऊन या." एवढं बोलून ती शेंगा फोडायला लागली, डाव्या हातानं. माझ्या बायकोनं घरी येऊन डोळे पुसले.

लग्नाच्या आधी काही दिवस आम्ही दोघं दुपारचे त्यांच्याकडे गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत गेलो आणि जे पाहिलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. बाहेरच्या खोलीत, आरशासमोर, साडूभाऊ खाली लुंगी आणि वर पोपटी पोलकं अशा वेषात उभे होते. उजवा हात त्यांनी टॉवेलानं पोटाशी घट्ट बांधून घेतला होता आणि डाव्या हातानं ते पोलक्याची बाही त्या बांधलेल्या हातावर ओढायचा प्रयत्न करत होते. बाही दंडावर अडकली होती. पुढंही जाईना, मागंही येईना. पलंगावर आणखी पोलकी पडली होती, लाल, निळी, जांभळी, सगळी ओटीत आलेल्या ब्लाउजपीसची आणि सगळी खांद्यापाशी उसवलेली.

"साडू, आधी दार लावा," ते म्हणाले.

मी दार लावेपर्यंत अक्का आतून आली आणि उंबऱ्यातच थांबली. "अवो, ह्ये काय चाललंय?"

साडूभाऊ वळले. पोपटी रंग त्यांना अजिबात शोभत नव्हता. "तुजा हात वर जात न्हाय. मागं जात न्हाय," ते म्हणाले. "मग माणूस नेमकं कुटं अडतंय, ते बघायलोय. मोकळ्या हातानं कळंना, म्हणून बांधून घेतला."

अक्कानं त्यांना डोक्यापासून लुंगीपर्यंत न्याहाळलं. मग तिला हसू फुटलं. हसत हसत ती तिथंच खुर्चीवर बसली, पदर नव्हता म्हणून टॉवेलानं डोळे पुसले, परत त्यांच्याकडे बघितलं आणि परत हसली. मीही हसत होतो आणि हसता हसता पलंगावरची उसवलेली पोलकी मोजत होतो. अखेर अक्कानं श्वास घेतला आणि एकदम कामाच्या आवाजात विचारलं, "काखंत टोचतंय का?"

"टोचतंय," साडूभाऊ म्हणाले.

"मग तितं अस्तर आत दुमडून घ्या की."

साडूभाऊंनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्यांच्या निवृत्तीच्या सत्कारातही पाहिलं नव्हतं. "घेतो की," ते म्हणाले, "लगेच घेतो." आणि हात बांधलेलाच ठेवून मशीनकडे निघाले. माझ्या बायकोनं त्यांना थांबवून गाठ सोडली.

मग नवी पेठेत फेऱ्या सुरू झाल्या. मॅचिंग सेंटरमध्ये पन्नास बायकांच्या गर्दीत हे एकटे पुरुष, हातात अक्काच्या इरकलीचा पदर घेऊन. दुकानातल्या दिव्यावर विश्वास नाही म्हणून प्रत्येक अस्तर रस्त्यावर आणून उन्हात बघायचे, आणि दुकानदाराचा माणूस त्यांच्या मागे धावायचा. शेवटी खणाचं पोलकं झालं. गळ्यापासून खांद्यावरून थेट बाहीच्या टोकापर्यंत उघडं, आणि वरून टिचबटणं. हात कुठंही न्यायचा नाही. पोलकं अंगावर ठेवायचं आणि वरून दाबत जायचं.

केमला लग्नाच्या मांडवात अक्का इरकल नेसून पहिल्या रांगेत होती. मी जवळून बघितलं. टीप दोन ठिकाणी वाकडी होती, एक टिचबटण रांग सोडून बसलं होतं. पण अक्काचा आवाज मांडवभर होता आणि मुलीकडच्या बायका तिच्याभोवती होत्या. जेवणाच्या वेळी त्यांतली एक तिची बाही चाचपून म्हणाली, "अक्का, ही बटनांची फॅशन लई झ्याक हाय की. कुटं शिवलं?"

मी साडूभाऊंकडे बघितलं. आता हे उठणार आणि भर पंगतीत टीप दाखवणार, म्हणून मी त्यांचा सदरा मागून धरूनच ठेवला. पण ते खाली मान घालून बसले होते. सबंध लग्नात त्यांनी एकाही माणसाला बाही दाखवली नव्हती.

"हाय एक टेलर," अक्का म्हणाली. "पर त्यो एकाच बाईचं शिवतो. दुसऱ्या कुणाचं घेत न्हाय."

साडूभाऊंचे कान लाल झाले. त्यांनी वाढप्याला हाक मारून जिलेबी मागितली आणि ती घशाखाली उतरेना म्हणून पाणी मागितलं.

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. तेव्हापासून साडूभाऊंनी पाहुण्यांचं शिवणं सोडून दिलं आणि आम्ही सगळे सुटलो. ते फक्त अक्काची पोलकी शिवतात. परवा मी एकटाच त्यांच्याकडे गेलो, तर ते दोरा आणायला बाहेर गेले होते. अक्कानं मला भाकरी वाढली आणि शेंगाचटणीचा डबा काढायला ती वळली. डबा अगदी वरच्या फळीवर होता. अक्कानं उजवा हात सरळ डोक्याच्या वर नेला आणि डबा खाली घेतला.

"अक्का, हात?" मी म्हणालो.

तिनं डबा ओट्यावर ठेवला. "दिवाळीपासनंच जातोय."

"मग साडूभाऊंना सांगितलं नाही?"

"सांगितलं तर पोलकी परत त्या बाईकडं टाकावी लागतील की," ती म्हणाली. मग चटणी वाढता वाढता, माझ्याकडे न बघता बोलली, "रोज इचारत्यात, हात कुटवर जातो म्हून. टेप लावून बघत्यात. होटगीला हुते तवा दिसदिस घरी नसायचे. घरी आले तर झोपायचे. इतक्या वर्सांत त्येंनी माज्याकडं असं कदी बघितलंच न्हवतं, पाव्हणं."

फाटक वाजलं. साडूभाऊ आत आले, दोऱ्याची रिळं टेबलावर ठेवली, गळ्यात टेप अडकवला आणि विचारलं, "हात कसा हाय आज?"

अक्कानं हात हळूहळू उचलला आणि खांद्याशी आणून थांबवला. "हितवरच येतोय."

"आसू दे. घाई न्हाय," साडूभाऊ म्हणाले आणि मशीनवर जाऊन बसले.

मी चटणीत तेल घेतलं आणि भाकरी मोडली. बाहेरच्या खोलीतून मशीनचा आवाज येत होता. अक्का ओट्याला टेकून तो ऐकत उभी होती. घरी परतताना मला सारखं वाटत राहिलं, की बायकोला विचारावं, तुझं काही दुखतं का म्हणून.