नसलेल्या अंगठ्याची खाज

शेजारच्या अण्णांचा उजवा पाय मधुमेहामुळे गुडघ्याखालून काढावा लागला. काल संध्याकाळी मी भेटायला गेले, तर ते कॉटवर नुसते चुळबुळत होते. काकूंना म्हणाले, "अगं, अंगठ्याला खाज सुटलीय."

"कुठल्या?"

"गेलेल्या."

काकूंनी निवडत असलेली मेथी बाजूला ठेवली आणि जिथे तो अंगठा असता, तिथे चादरीवर हलकेच बोटं फिरवायला लागल्या.

"जरा वर. हां, तिथंच." अण्णांनी डोळे मिटले.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दर गुरुवारी वाद रंगतो. मन देहात राहतं की देह मनात, आणि आत्मा या दोघांचा कोण लागतो? मीही तावातावानं बोलते. तेवढीच घरी जायची वेळ पुढे ढकलली जाते. पण काल खाजत होतं ते नेमकं काय? देहात म्हणावं तर पायच नाही. मनात म्हणावं, तर काकूंच्या बोटांनी ते शमलं कसं?

घरी येऊन कुलूप काढलं, दिवा लावला. आमचे हे गेल्याला आता बरीच वर्षं झाली. पलंगावर त्यांच्या बाजूला बसले आणि उगाचच चादरीवरून बोटं फिरवली. थोडा वेळ थांबलेसुद्धा.

"जरा वर" असं कुणी म्हणालं नाही.